पंच्याऐंशीचा टोकदार पाच

मान्यांनी खिशातून कापसात गुंडाळलेली पेनी काढली, सबनीससरांच्या टेबलावरच्या निळ्या मखमलीवर अलगद ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून ते उभे राहिले. शेजारी रिकामी खुर्ची होती. पण सरांपुढे नाणं ठेवलं की माने बसत नसत. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. साहेबांपुढे कागद ठेवल्यावर बसायचं नसतं, हे त्यांच्या गुडघ्यांत मुरलं होतं.

सरांनी भिंग उचललं. "साल?"

"पंच्याऐंशी, साहेब. बाराकोनी. ह्या पाचाचं टोक बघा. सुईवानी हाय."

सरांनी फार तर दोन सेकंद पाहिलं. मग भिंग खाली ठेवून त्यांनी आपली पुस्तिका पुढे ओढली, पान एकतीस न शोधता उघडलं आणि ओळीखाली बोट धरून वर्गात वाचावं तसं वाचलं, "एकोणीसशे पंच्याऐंशी. टोकदार पाच सर्रास, बोथट पाच दुर्मिळ. तुमचा पाच कसा आहे, माने?"

"टोकदार."

"मग काय म्हणतंय पुस्तक?"

पुस्तक काय म्हणतंय ते मान्यांनी म्हटलं नाही. ते म्हणाले की मुलीने कॅनडातल्या एडमंटनहून आणलेल्या पेन्यांच्या पिशव्या ते दोन वर्षं निवडतायत. त्यांत पंच्याऐंशी सालच्या पेन्या पुष्कळ निघाल्या आणि त्या सगळ्यांचा पाच बोथट. टोकदार असा हा एकच.

"साहेब, स्टँडावर दर दहा मिन्टांनी लागती त्या गाडीला आम्ही दुर्मिळ म्हनत न्हवतो. जी वर्षातनं एकदा येती तिला म्हनायचो."

"माने, ही नाणी आहेत. कोरेगाव शटल नव्हे."

दाताचे डॉक्टर पटवर्धन हसले. मीही हसलो. मी नेहमी इतरांच्या मागून, कोण हसतंय ते बघून हसतो.

मान्यांचं मागणं फार मोठं नव्हतं. डिसेंबरात पुण्याला नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिथे आमच्या मंडळाचा फलक लागणार होता. त्यावर हे एक नाणं लावावं आणि खाली बारीक अक्षरांत संग्राहक म्हणून त्यांचं नाव घालावं, एवढंच. मुलगी उज्ज्वला त्याच सुमारास येणार होती. फलकावरची निम्मी नाणी तिच्या पिशव्यांतून आलेली होती, आणि तरी फलकावर आजवर नाव होतं ते एकट्या प्राचार्य सबनीसांचं. अप्पा, तुमचं नाव कुठे असतं ते मला बघायचंय, असं तिने फोनवर म्हटलं होतं आणि माने तिला ह्या वर्षी दाखवतो म्हणून बसले होते. शिवाय टोकदार पाचच दुर्मिळ असल्याचं तिने तिकडे इंटरनेटवर पाहिलं होतं, हेही त्यांनी घाबरत घाबरत सांगितलं.

"आंब्याच्या कोयीनं मधुमेह जातो हेही इंटरनेटवर असतं," सर म्हणाले. "फलकावर सर्रास नाण्याला जागा नाही. उचला ते."

मान्यांनी पेनी उचलून पुन्हा कापसात गुंडाळली.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. साताऱ्यात कॅनडाच्या पेनीचे चार तज्ज्ञ होते, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तसे ते मलाही कधी खरे वाटले नाहीत, आणि त्या चारांत मी एक होतो.

झालं होतं ते असं. कॅनडा सरकारने २०१३ साली पेनी बंद करायला घेतली. तिथल्या बँका त्या परत घेत होत्या, पण पेन्या निवडून, कागदी नळकांड्यांत भरून बँकेत न्यायचा कंटाळा. आमच्या गावची जी मुलं तिकडे होती, ती दर वर्षी आईवडिलांसाठी बदाम आणि गुडघ्यांच्या गोळ्या आणत. त्या वर्षी त्यांनी पेन्या आणल्या. आईवडिलांना टाकवेनात, दुकानदार घेईनात, देवापुढे ठेवायच्या तर त्यावर इंग्लंडची राणी. अशा पिशव्या घरोघर पडल्या असताना सबनीससर निवृत्त झाले आणि त्यांना आपल्या हाताखाली कुणीतरी असल्याशिवाय करमेना. त्यांनी मंडळ काढलं. घटना केली. दर रविवारी सकाळी नऊ वाजता सभा, सबनीसवहिनींचे पोहे, आणि कुठल्या पेनीच्या काठावरचे मणी मोठे, कुठलीवरचे लहान, यावर शास्त्रार्थ.

डॉक्टर पटवर्धन आले ते त्यांच्याकडे भिंग आणि दिवा होता म्हणून. माने आले कारण त्यांना या कामाचा खरोखर नाद लागला होता. आणि मी आलो कारण सरांना फुकटचा मुद्रितशोधक हवा होता. माझं कॅनडात कुणी नाही. सातारा सोडून कुठेच कुणी नाही. चौतीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. आधी शिशाच्या खिळ्यांची, मग संगणकाची. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात आयुष्य गेलं की माणसाला स्वतः एक ओळ लिहिण्याचीही भीती वाटू लागते. सरांना मात्र कसलीच भीती नव्हती. त्यांना जन्मात कधी शंका आली असेल असं मला वाटत नाही. त्यांनी कॅनडाच्या नाण्यांची एक जाडजूड सूची कुणाकडून तरी महिनाभर मागून घेतली, तिच्यातून चौसष्ट पानांची पुस्तिका उतरवली आणि मुखपृष्ठावर आपला फोटो छापला. प्रस्तावनेच्या शेवटी आभार होते. मुलाचे, सुनेचे, टंकलेखन करणाऱ्या मुलीचे नाव घेऊन. आणि मग, 'मुद्रिते तपासण्यास एका स्नेह्यांनी साह्य केले.' तो एक स्नेही मी. ती ओळही मीच तपासली. तिच्यात चूक नव्हती.

पान एकतीसप्रमाणे पंच्याऐंशीची बोथट पाचाची पेनी दुर्मिळ होती, आणि गंमत अशी की आमच्या पिशव्यांतून ती पसापसा निघत होती. शहाण्या माणसांनी अशा वेळी पुस्तकाकडे वळून पाहिलं असतं. आम्ही पेढे वाटले. पुढे ती इतकी निघू लागली की सरांना याचं कारण शोधणं भाग पडलं आणि ते त्यांनी शोधलंही. विनिपेगच्या टांकसाळीत बोथट पाचाचा साचा म्हणे फार थोडा काळ चालला असावा आणि त्या काळातल्या थैल्या नेमक्या आपल्या मुलांच्या वस्त्यांकडे गेल्या असाव्यात. 'असावा' आणि 'असाव्यात' पहिल्या खर्ड्यात होते. पुढच्या खर्ड्यात ते 'आहे' आणि 'आहेत' झाले. गावच्या एका साप्ताहिकाने मथळा दिला, 'बोथट पाचाचे जगातील सर्वांत मोठे भांडार साताऱ्यात'. सरांनी तो चौकटीत लावला. गावात कुणी हसलं नाही. जगातलं सर्वांत मोठं काहीतरी आपल्याकडे आहे, यावर हसायचं कुणाला सुचेल?

त्या रविवारी सभेनंतर माने माझ्याबरोबर चालत निघाले. राजवाड्यापाशी थांबले. मग म्हणाले, "ओगलेभाऊ, तुम्ही पुस्तकातलं मानूस. तुमाला काय वाटतं?"

मला काय वाटतं हे कुणी विचारलं की माझी जीभ जड होते. मी म्हणालो, सर म्हणतात तर असेल.

"आसंल," माने म्हणाले. "पन मग दर पिशवीत कशी सापडती ओ?" आणि स्टँडकडे वळले.

मला तर्क फारसा कधी जमला नाही. ताडून बघायची खोड मात्र आहे. प्रत्येक पुस्तकाची मूळ प्रत आणि लाल शाईची मुद्रितं मी गठ्ठा बांधून ठेवत असे. छापखान्यातली सवय, उद्या कुणी अंगावर आलं तर हातात कागद असावा म्हणून. दुपारी जेवण झाल्यावर मी सरांच्या पुस्तिकेचा गठ्ठा सोडला. मला, खरं सांगायचं तर, आशा होती. सरांनी सूचीतून उतरवताना चूक केली असणार आणि ती त्यांच्याच वळणदार अक्षरात सापडणार, या कल्पनेने माझे हात हलके झाले होते. इतका आनंद मला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.

सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, '१९८५ : टोकदार पाच दुर्मिळ, बोथट पाच सर्रास.'

मी मुद्रित काढलं. त्याच ओळीत लाल शाईने दोन शब्द एकमेकांच्या जागी नेण्याची खूण होती. 'दुर्मिळ' पुढे, 'सर्रास' मागे. खूण माझी होती.

का केली तेही आठवलं. बाकीच्या सगळ्या ओळींत सरांनी आधी सर्रास नाणं दिलं होतं आणि मग दुर्मिळ. या एकाच ओळीत क्रम उलटा होता. ते माझ्या डोळ्यांना खुपलं. अर्धं वाक्य उचलून हलवायच्या ऐवजी मी नुसते दोन शब्द हलवले आणि नाणी जागच्या जागी राहिली. ओळ बाकीच्या ओळींसारखी दिसू लागली. मी समाधानाने पुढे गेलो असणार. शेवटच्या मुद्रितावर खाली सरांची सही होती, 'पाहिले, छापावे'. पाहिलं नव्हतंच. आपण लिहिलेलं पुन्हा काय बघायचं?

म्हणजे चार वर्षं साताऱ्यात जे चाललं होतं, पेढे, साचा, जगातलं सर्वांत मोठं भांडार, ते सगळं माझ्या एका लाल वळशावर उभं होतं. प्राचार्य सबनीसांनी जे बरोबर लिहिलं होतं, ते छापून उलटं आल्यावर त्यांनी तेही खरं मानलं, कारण मुखपृष्ठावर त्यांचा फोटो होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो. वाक्य पाठ केलं होतं, 'सर, पान एकतीसवर माझ्या हातून एक चूक झाली आहे.' रस्ताभर ते म्हणत गेलो. प्रदर्शनाला अजून दहा दिवस होते. फलकाची एक ओळ बदलली असती, मान्यांचं नाणं लागलं असतं, आणि सरांनी मला चार शब्द बोलून घेतले असते, एवढंच.

सर फलकाशी वाकले होते. पन्नासेक बोथट पाच ओळीने मखमलीवर बसले होते आणि मधोमध मथळ्याची पट्टी होती. ती तिरकी तर नाही ना, हे त्यांनी मला लांबून बघायला सांगितलं. नव्हती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं बरं असतं हो, ओगले. दुसऱ्यानं लिहायचं आणि तुम्ही त्यात टोच्या मारायच्या. चुकलं तर लेखक चुकला. तुमच्या धंद्याला जबाबदारी नाही."

मी पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. ते गिळलं. वहिनींनी पोहे दिले, तेही खाल्ले. मान्यांचं नाणं निदान एका कोपऱ्यात लावावं, एवढं पुटपुटलो. सर म्हणाले, "एसटी स्टँडावरच्या मताने विद्या चालत नसते." मी निघालो. पायऱ्या उतरताना मी स्वतःला सांगितलं की आपण भिडस्त आहोत म्हणून आपल्याच्यानं बोलणं झालं नाही. माझ्याबद्दल हे सगळेच म्हणतात. फार सोयीचं असतं ते.

प्रदर्शन पुण्यात एका मंगल कार्यालयात होतं. जिथे नवरानवरी बसतात त्या चौथऱ्यावर मोगलांचे रुपये होते, आणि जेवणाच्या दालनात आम्ही परदेशीवाले. सर कोट घालून, हातात छडी घेऊन फलकाशी उभे. डॉक्टर पटवर्धन शेजारी, फोटोत येतील इतके जवळ. मी खांबाच्या आडोशाला. मान्यांची मुलगी आली होती. ठेंगणी, चष्मेवाली, तिकडे वृद्धांच्या एका आश्रमात स्वयंपाकघर सांभाळते म्हणाली. तिने फलक वरून खालपर्यंत वाचला. मग परत वाचला. मग वडिलांकडे पाहिलं. माने म्हणाले, "ह्या बारीला जागा न्हवती गं. पुढच्या." तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली.

अकराच्या सुमारास परीक्षक आल्या. नाशिकच्या वृंदा सामंत, सत्तरीच्या, सुती साडीवर पुरुषी स्वेटर, गळ्यात दोरीला भिंग. तीस वर्षं विनिपेगला शिक्षिका होत्या. विनिपेग म्हटल्यावर सरांना अवसान चढलं. त्यांनी छडीने एकेक ओळ दाखवत साचा, थैल्या, वस्त्या सगळं सांगितलं. बाईंनी एकदाही मध्ये तोडलं नाही. पुस्तिका मागितली, पान एकतीस वाचलं, भिंगाने चारपाच नाणी पाहिली.

"सर," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दुकानात गल्ल्याशेजारी एक बशी असायची. सुट्टी पेनी नको असली की त्यात टाकायची, कमी पडली की उचलायची. तुमचे हे बोथट पाच त्या बशीत असायचे. तुम्ही बशीच फ्रेम करून आणलीत."

आजूबाजूचे लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांना विनोद झाला आहे हे कळायला वेळ लागला.

"टोकदार कुठंय?" बाईंनी विचारलं. "एवढ्या पिशव्यांत एकही नाही निघाला?"

मग उज्ज्वला म्हणाली, "अप्पा, दाखवा ना."

मान्यांनी सरांकडे पाहिलं. परवानगीसाठी. हे मी विसरलो नाही. सर छडीकडे बघत होते. माने पुढे झाले, कापूस सोडला आणि बाईंच्या तळहातावर पेनी ठेवून दोन पावलं मागे सरकले. बाईंनी ती खिडकीशी नेली. भिंगाखाली इकडून तिकडून फिरवली. परत येऊन म्हणाल्या, "हाच. इकडे हातात पहिल्यांदा धरतेय. कसा शोधलात?"

"एक एक बघून," माने म्हणाले.

बाईंनी त्यांचं नाव विचारलं, आपल्या पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'संग्राहक : य. रा. माने, कोरेगाव'. पेनी आणि कार्ड त्यांनी फलकावर नाही, परीक्षकांच्या मेजावर काचेखाली ठेवलं. उज्ज्वलाने फोटो काढला. मान्यांना हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून त्यांनी ते मागे बांधले.

तेव्हा सर बोलले. आवाज त्यांचा नव्हता. "माझ्या मूळ लिखाणात असं नव्हतं. मी सूचीवरून उतरवलं होतं. छपाईत... ओगले कुठायत? ओगले, इकडे या. यांनी मुद्रितं पाहिली होती. सांगा ओगले, मूळ प्रतीत काय होतं?"

मी खांबाआडून बाहेर आलो. सगळे माझ्याकडे बघत होते. इतक्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. सरांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. ते माझ्याकडे मागत होते. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

"मला आठवत नाही, सर," मी म्हणालो. "शेवटच्या मुद्रितावर सही तुमची आहे."

माझी जीभ अजिबात जड झाली नाही. दुसरं वाक्य तर शब्दन् शब्द खरं होतं.

बाईंनी पुस्तिका मिटून सरांच्या हातात दिली. "होतं असं," म्हणाल्या आणि पुढच्या फलकाकडे गेल्या. डॉक्टर पटवर्धन मोगलांचे रुपये बघायला गेले ते तिकडेच राहिले.

संध्याकाळी साताऱ्याच्या गाडीत सर पुढच्या बाकावर एकटे, मांडीवर फलक उभा धरून. माने आणि मी मागे. उज्ज्वला मावशीकडे राहिली होती. शिरवळच्या आसपास माने उठून पुढे गेले, सरांच्या मांडीवरचा फलक काढून घेतला, वरच्या फळीवर नीट आडवा बसवला, खालून रुमाल लावला आणि परत आले.

"भर मंडपात व्हायला नको व्हतं सरांचं," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "सर लिवताना चुकत न्हाईत ओ. चुकतील ते बोलताना. तुमच्याकडं असतील की जुने कागद?"

"रद्दीत गेले," मी म्हणालो.

ते खरं व्हावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी गठ्ठा रद्दीवाल्याला दिला.

मंडळ बुडालं. रविवार मोकळा झाला. मान्यांचं नाव पुण्याच्या एका नाणेसंग्राहकांच्या पत्रिकेत फोटोसह छापून आलं. ते त्यांनी स्टँडावरच्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना दाखवलं असं ऐकलं. मला दाखवायला आले नाहीत.

मार्चमध्ये एका दुपारी दार वाजलं. बाहेर सबनीससर. इतक्या वर्षांत ते माझ्या घरी कधी आले नव्हते. मला वाटतं, मी कुठे राहतो तेही त्यांनी वाटेत कुणाला तरी विचारलं असणार. मी खुर्चीवरची पुस्तकं उचलून जागा केली. त्यांनी पाणी घेतलं, पेला दोन्ही हातांत धरून ठेवला.

"ओगले," ते म्हणाले, "मी खरंच उलटं लिहिलं होतं का हो?"

मी खुर्चीवरून उचललेली पुस्तकं कोपऱ्यात रचू लागलो.

"माझ्या डोळ्यांपुढे ती ओळ दिसते. आधी टोकदार, मग दुर्मिळ. स्पष्ट दिसते. पण हल्ली स्पष्ट दिसतं त्याच्यावरच..." ते थांबले. "परवा बँकेत सही केली. ती माझीच आहे का, म्हणून परत मागून घेतली. क्लार्क हसला."

आताही सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघेच होतो. ना छडी, ना फलक. ते माझ्यावर रागावलेही नसते. मला वाटतं, ते तिथेच खुर्चीत रडले असते आणि मग घरी जाऊन नीट जेवले असते.

"वयात होतं, सर," मी म्हणालो. "माझंही होतं."

त्यांनी मान हलवली. उपकार झाल्यासारखी. मग कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. सामंतबाईंना आणि त्या साप्ताहिकाला पाठवायचं दिलगिरीचं पत्र होतं. पेन्सिलने लिहिलेलं. तीनदा लिहिलं, म्हणाले, पण पाठवायचं धाडस होत नाही. तुम्ही एकदा नजर टाका.

मी खिडकीशी जाऊन वाचलं. अकरा ओळी होत्या. फुगवलेला एक शब्द नव्हता. कुणावर काही ढकललं नव्हतं. चूक माझी आहे आणि श्री. माने यांचे म्हणणे बरोबर होते, असं साध्या वाक्यात लिहिलं होतं. सरांनी आयुष्यात लिहिलेलं हे सर्वांत चांगलं लिखाण होतं. एवढ्या मुद्रितांतून गेल्यावर मला ते ओळखता येतं. मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं, काना, मात्रा, विरामचिन्हं बघत. त्यात एकही चूक नव्हती.

मागून खुर्ची वाजली. सर पुढे सरकून माझ्या पाठीकडे बघत होते.

"कुठं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"एके ठिकाणी," मी म्हणालो आणि खिडकीतलं लाल पेन उचललं.